रांधणारीचा वाटा

घरच्या माणसांसाठी रोज स्वयंपाक करणे हा धर्म आहे की नुसतेच कष्ट, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेत समोरून फारसा विचारला गेलेला दिसत नाही. अन्नावर तिने भरपूर विचार केला. खाणाऱ्यावरही केला: काय खावे, कोणत्या दिशेला तोंड करून खावे, कोणाच्या पंक्तीला बसावे, कोणाच्या हातचे खाऊ नये. या दोहोंच्या मध्ये चुलीपुढे जी व्यक्ती असते ती ग्रंथांत क्वचितच डोकावते. तिच्या बाजूने हा प्रश्न सोडवायचा तरी सुरुवात अन्नापासूनच करावी लागते. स्वयंपाकाचे सगळे माहात्म्य आणि त्यातली बरीचशी घुसमट या दोन्ही गोष्टी अन्नाला मिळालेल्या थोरवीतूनच आलेल्या आहेत.

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत भृगू आपल्या बापाला, वरुणाला, ब्रह्म म्हणजे काय ते विचारतो. वरुण उत्तर देत नाही, तप कर म्हणतो. तप केल्यावर भृगूला पहिल्यांदा कळते ते असे की अन्न हेच ब्रह्म. मग तो प्राण, मन, विज्ञान या पायऱ्या चढत आनंदापर्यंत जातो. अन्न ही तळची पायरी, ती मागे पडली असे इथे वाटावे. पण आनंदाशी पोचल्यावर उपनिषद पुन्हा अन्नाकडे वळते आणि व्रते सांगते: अन्नाला नावे ठेवू नयेत, ते टाकू नये, भरपूर निर्माण करावे, दारी आलेल्याला परत पाठवू नये. वल्लीच्या शेवटी ज्ञानी पुरुष गातो तो मी अन्न आहे, मी अन्न खाणारा आहे असे गातो, आणि पुढे तिसरेच एक नाव स्वतःला लावतो. शंकराचार्यांनी भाष्यात त्या तिसऱ्याचा अर्थ अन्न आणि खाणारा यांचा मेळ घालणारा असा केला आहे. आचार्यांच्या डोळ्यांपुढे कोणी स्वयंपाकीण नव्हती, चेतन तत्त्व होते, हे उघड आहे. तरीही अन्न, खाणारा आणि जोडणारा या तिघांची जागा तिथे धरलेली आहे. पुढच्या आचारधर्मात पहिल्या दोघांभोवती नियमांचे रान माजले, तिसऱ्याची जागा रिकामीच राहिली.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत प्राण्यांच्या पोटात वैश्वानर अग्नी होऊन अन्न पचवतात. त्या एका कल्पनेने जेवणाचा सगळा प्रसंगच यज्ञाच्या मांडवात नेऊन बसवला. ताटाभोवती पाणी फिरवायचे, चित्राहुती घालायच्या, पहिले पाच घास प्राणांना द्यायचे. महाराष्ट्रातल्या शाळांत मधल्या सुट्टीत मुले हात जोडून श्लोक म्हणतात, त्यातही जेवण हे पोट भरण्याचे काम नसून यज्ञकर्म आहे हीच शिकवण आहे. पोट हे कुंड, घास ही आहुती, जेवणारा यजमान. या मांडणीत पोळी ताटात पडते कशी, याचे उत्तर नाही. ती आपोआप पडल्यासारखी पडते.

रांधण्याचा थेट उल्लेख येतो तो दोषाच्या संदर्भात. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या पाच हिंसास्थानांची यादी आहे: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या जागी नकळत किडामुंगी मरते, म्हणून रोज पाच महायज्ञ करावेत. देव, ऋषी, पितर, भूते आणि अतिथी यांना ज्याचा त्याचा भाग दिला की तो दोष फिटतो. विचार सूक्ष्म आहे. रोजची भाकरीसुद्धा कुणाच्या तरी जिवावर उभी असते हे इतक्या स्पष्टपणे मान्य करणारी दुसरी गृहव्यवस्था सहसा सापडणार नाही. पण यादी पुन्हा पाहिली तर पाचही वस्तू घरातल्या बाईच्या हातातल्या, आणि पाचही यज्ञ पुरुषाच्या. दोष तिच्या अवजारांना आणि प्रायश्चित्त त्याच्या नावावर, असा हा जमाखर्च आहे.

याच अध्यायात आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही एक कडक वाक्य आहे: जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एकट्याने खाणाऱ्याला हेच सुनावलेले आहे. घरासाठी रांधणाऱ्या बाईला हे पाप लागण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. घरात कोणाला काय आवडते याची यादी तिला झोपेतून उठवून विचारली तरी पाठ असते: थोरल्याला दोडका चालत नाही, धाकटीला आमटीत गूळ लागतो, सासऱ्यांना तेल कमी, नवऱ्याला भातावर ताजे तूप. तिला स्वतःला काय आवडते हे मात्र पोटच्या मुलांनाही चटकन सांगता येत नाही. शास्त्राच्या कसोटीवर हे निःस्वार्थतेचे टोक ठरेल. व्यवहारात ते विस्मरण असते.

तेव्हा स्वयंपाक म्हणजे केवळ छळ, असा निकाल द्यावा काय? तो खोटा ठरेल. रांधण्यात असा आनंद आहे जो दुसऱ्या कोणत्याही घरकामात नाही. घडीच्या पोळीचेच पाहावे. कणीक तेल-मीठ घालून सैलसर भिजवायची, अर्धा तास झाकून ठेवायची, मग तेलाचा हात लावून मळायची. उंड्याची वाटीएवढी लाटी लाटून त्यावर तेलाचे बोट फिरवायचे, चिमूटभर पीठ भुरभुरायचे, अर्धी घडी, पुन्हा अर्धी, आणि मग कडेने लाटत न्यायची. मध्ये जाड राहिली तर फुगत नाही, कड जाड राहिली तर कच्ची लागते. तवा तापलेला असला आणि हात जमलेला असला की ती एका बाजूने वर येते आणि बघता बघता टम्म होते. हजार वेळा केलेली गोष्ट असली तरी त्या क्षणी करणारीच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. सिमोन द बोव्हुआर यांनी 1949 साली घरकामाची तुलना सिसिफसच्या शिक्षेशी केली, त्यांनाही रांधण्याला त्यातून थोडे बाजूला काढावे लागले. केर काढण्यात जे नाही ते चुलीपुढे आहे, कच्च्याचे पक्के होणे, एकाचे दुसरे होणे. त्यात जादू आहे हे त्यांनी मान्य केले. रोज तेच तेच केल्याने ती जादू उडते हेही लगेच सांगितले.

या आनंदाचे सर्वांत शुद्ध रूप नैवेद्याच्या स्वयंपाकात दिसते. देवाला दाखवण्याआधी काहीही चाखायचे नसते. गौरी-गणपतीच्या दिवशी पुरण, कटाची आमटी, अळूची भाजी, कोशिंबीर, पंचामृत, खीर असा सगळा घाट जिभेवर थेंबही न ठेवता पार पाडायचा असतो. मीठ डाव्या हातावरच्या अंदाजाने पडते. पुरण झाले की नाही ते पातेल्यात उलथने उभे राहते की नाही यावरून कळते. आमटीचे वासावरून, फोडणीचे आवाजावरून. चव न घेता चव साधायची, हे कौशल्य कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकात पूर्णपणे उतरत नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 नंतर प्रमाणे वाटी-चमच्यांत बांधून दिली आणि नवशिक्या सुनांची मोठी सोय केली, तरी नैवेद्याच्या दिवशी वाटी-चमचा बाजूलाच राहतो. फळाची वासना न धरता कर्म करावे हा उपदेश इथे शब्दशः अंमलात येतो. रांधणारीला फळ कसे झाले आहे याची चवसुद्धा माहीत नसते, आणि तरीही हात हलगर्जी करत नाही.

पण वर्षातले असे दिवस थोडे. बाकीच्या दिवसांचा प्रश्न ‘आज काय करू?’ हा आहे. वरवर क्षुल्लक दिसणारा हा प्रश्न स्वयंपाकातला सर्वांत थकवणारा भाग असतो, हे रोज करणारी कोणतीही व्यक्ती सांगेल. हाताला काम लागले की ते होऊन जाते. त्याआधी फ्रिजमध्ये काय उरले आहे, काल काय झाले, उद्या भाजीवाला येणार की नाही, कोणाचा डबा किती वाजता, याची जुळणी डोक्यात सतत चालू असते. घरच्यांना विचारावे तर ‘काहीही कर’ हे उत्तर येते, आणि केल्यावर ‘पुन्हा हेच?’ एकादशीला तर दोन चुली: उपास असणाऱ्यांची भगर-आमटी आणि नसणाऱ्यांचा नेहमीचा वरण-भात. दुप्पट खाणाऱ्यांची थट्टा म्हणीत आहे, दुप्पट रांधणारीसाठी म्हण नाही. दोन तासांत केलेले वीस मिनिटांत संपते, आणि ताटावर निघालेला अभिप्राय बहुधा मिठाविषयी असतो. बरोबर पडलेल्या मिठाची दखल कोणी घेत नाही.

हाना आरेंट यांनी 1958 सालच्या ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात जिवंत राहण्यासाठी करावे लागणारे श्रम आणि टिकाऊ वस्तू घडवणारे काम यांत फरक केला. श्रमांचे फळ तयार होताच खर्च होते, मागे काही उरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सुताराचा पाट शंभर वर्षे टिकतो, त्या पाटावर बसून जेवलेले जेवण नाही. रोजच्या स्वयंपाकाला हे वर्णन चपखल बसते. हाताची चव माणसे गेल्यावरही आठवली जाते, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. पण ती आठवण बहुतेक वेळा बाई गेल्यावरच निघते, त्यामुळे तिला स्वतःला त्याचा उपयोग होत नाही. श्रमांचे मोजमापही आता उपलब्ध आहे. भारत सरकारच्या 2019 सालच्या वेळवापर पाहणीत घरच्यांसाठीच्या विनामोबदला कामांत रोज भाग घेणाऱ्या स्त्रिया 81.2 टक्के निघाल्या आणि पुरुष 26.1 टक्के. काम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात आणि काम करणाऱ्या पुरुषाची 97. यात स्वयंपाकाबरोबर धुणे-भांडी-केरही आले. पुरुषाला रांधता येत नाही असे कोणी म्हणू शकत नाही. विराटाच्या घरी भीम बल्लव होऊन राहिला, नळराजा पाकसिद्धीसाठी प्रसिद्ध होता, लग्नाच्या मांडवातले आचारी आणि देवळातले पुजारी पुरुषच असतात. पुरुष मोबदल्यासाठी, मानासाठी किंवा देवासाठी रांधतो; घरासाठी रोज रांधणे तेवढे बाईकडे राहिले.

या सगळ्यावर धर्माचे नेहमीचे औषध निष्काम कर्मयोगाचे असते. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. चौथ्या अध्यायावर बोलताना ते सांगतात की कर्माला मनाची साथ मिळाली की त्याचे ओझे उरत नाही. आईने मुलाच्या पाठीवरून हात फिरवला तर तो नुसता हात राहत नाही. निरीक्षण खरे आहे. घरात आजारी माणसासाठी पहाटे उठून केलेली मऊ भाताची पेज कोणाला ओझे वाटत नाही. अडचण आहे ती या औषधाच्या मात्रेत नसून ते कोण कोणाला देते यात. फळावरचा हक्क सोडणे ही साधना होते ती सोडणाऱ्याने आपणहून सोडला तर. ज्याला ते फळ मिळायचे आहे त्यानेच समोरच्याला अनासक्तीचा उपदेश केला तर त्यातून साधना घडत नाही, फक्त वाटणी ठरते. रांधणारीने अपेक्षा ठेवू नये, असे म्हणणारा माणूस बहुधा ताटावर बसलेला असतो, आणि त्याने आपली गरम पोळीची अपेक्षा सोडलेली नसते.

याहून खोल पेच आहारशुद्धीच्या विचारात आहे. आहार शुद्ध तर अंतःकरण शुद्ध, असे छांदोग्य उपनिषद सांगते. शंकराचार्यांनी तिथे आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेले सर्व विषय असा अर्थ केला. रामानुजाचार्यांनी मात्र खाण्याचे अन्नच धरले आणि त्याचे तीन दोष सांगितले: पदार्थाच्या जातीचा, ज्याच्याकडून अन्न येते त्या आश्रयाचा, आणि केस-खडा पडल्यासारख्या निमित्ताचा. यातला आश्रयदोष लोकसमजुतीत उतरला तो अशा रूपात की रागाच्या भरात शिजवलेले अन्न अंगी लागत नाही, रांधताना मन प्रसन्न हवे. समजूत ऐकायला गोड आहे. परिणाम असा की दोन तास उभे राहणे पुरेसे ठरत नाही, ते हसतमुखानेही करावे लागते. कंटाळा येणे हा थकवा न राहता अन्न बाटवणारा अपराध होतो. रानात राबणारा गडी कपाळाला आठ्या घालून पेरतो म्हणून ज्वारी अशुद्ध उगवते असे कोणी मानत नाही. सोवळ्याचे नियमही याच वळणाचे. महिन्याच्या ज्या दिवसांत बाईला स्वयंपाकघरात पाऊल टाकायला बंदी, तेच तिच्या विश्रांतीचे दिवस ठरले. हक्काची सुट्टी तिला मिळाली ती विटाळ म्हणून.

रांधणे ही उपासना होऊ शकत नाही असे नाही, आणि याचा सर्वांत ठोस दाखला जपानमधून येतो. झेन आचार्य दोगेन यांनी 1237 साली मठाच्या स्वयंपाक्यासाठी ‘तेंझो क्योकुन’ नावाची एक पुस्तिका लिहिली. तांदूळ निवडताना वाळू आणि वाळू निवडताना तांदूळ कसा पाहावा, भाजीच्या पानालाही हलके का लेखू नये, अशा बारकाव्यांनी ती भरलेली आहे. तरुणपणी चीनमध्ये असताना त्यांनी एका मठातला म्हातारा स्वयंपाकी रणरणत्या उन्हात, डोक्यावर काही न घेता, अळंबी वाळवताना पाहिला. हे काम कोणा मदतनिसाला का देत नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला की दुसऱ्याने केले तर ते मी केलेले होत नाही. उन्हाची वेळ टळू द्या म्हटल्यावर, मग कधी करायचे, असे त्याने उलट विचारले. गोष्ट वाचताना कोणत्याही मराठी घरातली कुरडया वाळत घालणारी आजी आठवावी. पण दोघांच्या स्थितीत मोठे अंतर आहे. तेंझो हे मठातल्या सहा अधिकारपदांपैकी एक होते. ते साधनेत मुरलेल्या माणसाला नेमणुकीने मिळे, नेमणूक संपली की दुसरा येई, आणि त्याच्या कामावर आचार्य ग्रंथ लिहीत. कुरडया करणाऱ्या आजीची नेमणूक लग्नाच्या दिवशी होते आणि मुदत संपत नाही.

वारकरी परंपरेने या प्रश्नाला ग्रंथांपेक्षा जास्त सरळपणे हात घातला आहे. नामदेवांच्या घरच्या दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. लहानग्या नामदेवाने नैवेद्य नेला आणि हट्ट धरला, तेव्हा विठ्ठल खरोखर जेवला. त्याच घरात दासी म्हणून वाढलेल्या जनाबाईच्या कथांत मात्र देव तिचे काम करतो. तो तिच्याबरोबर जात्याचा खुंटा धरतो आणि दळतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून एक जाते आजही दाखवतात. घरातल्या मुलाला देव भेटला तो जेवणारा म्हणून, आणि दासीला भेटला तो हाताखालचा म्हणून. भक्तीच्या या दोन चित्रांत कष्टाची बाजू कोणाला ठाऊक होती ते उघड आहे. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी वाहणारा देवही याच जातीचा. दळणाच्या ओव्यांतही हाच धागा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या पुढाकाराने गोळा झालेल्या लाखाहून अधिक ओव्यांत सासर-माहेर, भाऊ आणि पंढरी जागोजाग येतात. पहाटेच्या अंधारात दोघीजणी समोरासमोर बसून दळत, तिथे कष्ट वाटून घेतलेले होते आणि बोलायला कोणीतरी होते. गिरण्या आल्यावर दळण गेले, हे बरेच झाले. त्याबरोबर सोबतही गेली. गॅस, कुकर, मिक्सर यांनी पुढची मेहनत कमी केली आणि ओट्यापाशी एकच बाई उरली.

एकनाथांचीच दुसरी कथा श्राद्धाची. श्राद्धाच्या अन्नाचा वास आल्याने भुकेने व्याकूळ झालेल्या अंत्यजांना नाथांनी तो स्वयंपाक वाढून टाकला. ब्राह्मणांसाठी दुसरा स्वयंपाक झाला, पण ते आले नाहीत. तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले. समतेचा धडा म्हणून ही कथा सांगतात आणि तो रास्तच आहे. त्यात दुसऱ्यांदा पेटलेली चूल नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंची होती, हे सांगणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. जातीचा प्रश्न तर अन्नाच्या थोरवीतच रुतलेला आहे. कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे नाही, यावरच सारी उतरंड उभी होती, आणि ज्यांच्या वाट्याला उरलेसुरले आले त्यांच्या चुलीला पाकपरंपरेत गणलेच गेले नाही. मराठवाड्यातल्या दलित खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी 2015 साली लिहिलेल्या पुस्तकाला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असे नाव दिले, ते ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ या दाव्याला दिलेले प्रत्युत्तरच आहे. उत्तम स्वयंपाक म्हणजे साजूक तुपातले सात्त्विक ताट, हे मोजमाप तिथे निकामी ठरते. मूठभर डाळीत घर जेवू घालणारीचे कसब कमी नसते. त्याला नैवेद्याची प्रतिष्ठा मिळाली नाही, इतकेच.

आता मूळ प्रश्नाकडे. स्वयंपाक हा यज्ञ आहे, असे म्हणायचे असेल तर यज्ञाचे नियम त्याला लावून पाहिले पाहिजेत. यज्ञ करवणारा यजमान, प्रत्यक्ष कर्म करणारे ते ऋत्विज. फळ मिळते यजमानाला. मग कर्म दुसऱ्याने केले असताना फळ यजमानाला का मिळावे? मीमांसकांनी याचे उत्तर अत्यंत रोखठोक दिले आहे: दक्षिणा दिली म्हणून. त्यांच्या मते दक्षिणा हे दान नाही, ऋत्विजाचे श्रम विकत घेण्याचे मोल आहे. ते चुकते केल्यानेच त्याचे कर्म यजमानाचे होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दक्षिणेवाचून केलेला यज्ञ तामस ठरवला आहे. घरच्या स्वयंपाकाच्या यज्ञात यजमान आहे, अग्नी आहे, आहुती आहे, ऋत्विजाच्या जागी बाई आहे, दक्षिणा मात्र नाही. शास्त्राचाच निकष लावला तर हा यज्ञ अपुरा आहे. तिच्या श्रमांचे मोल करण्याची वेळ येते तीही विपरीत ठिकाणी. सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली लता वाधवा खटल्यात गृहिणीच्या सेवांचे मूल्य महिन्याला 3000 रुपये धरले, ते आगीत दगावलेल्या स्त्रियांच्या नुकसानभरपाईसाठी.

घरात रोखीने दक्षिणा मोजणे बहुतेकांना ओशाळवाणे वाटेल. आई पगार घेऊन वाढते ही कल्पनाच मराठी मनाला सोसत नाही, आणि ज्या घरात हाती पैसाच नाही तिथे तिला अर्थही नाही. पण श्रौत परंपरेत दक्षिणेविना चालणारा एक प्रकार आहे: सत्र. सत्र हा दीर्घकाळ चालणारा सोमयाग. त्यात किमान सतरा जण एकत्र बसतात, आणि तिथे यजमान वेगळा व ऋत्विज वेगळे अशी विभागणी नसते. सगळेच यजमान आणि सगळेच ऋत्विज. म्हणून कोणी कोणाला दक्षिणा द्यायची नसते आणि फळही सगळ्यांचे असते. कुटुंब हे सत्र आहे असे मानायचे असेल तर प्रेमाच्या घरात हिशेब कशाला, हा नेहमीचा युक्तिवाद पूर्ण मान्य करता येतो. फक्त सत्राची अट पाळावी लागते. दक्षिणा नको असेल तर प्रत्येकाने ऋत्विज व्हायचे. भाजी निवडणे, कणीक भिजवणे, ताटे घेणे, उष्टी काढणे, आणि मुख्य म्हणजे आज काय करायचे हे ठरवणे, यांपैकी काहीतरी प्रत्येकाच्या हातात असायचे. एकीने राबायचे आणि बाकीच्यांनी यजमान व्हायचे, वर दक्षिणाही नाही, अशा तिसऱ्या प्रकाराला शास्त्रात जागा नाही.

जेवणाच्या क्रमाबद्दलही हेच. मनुस्मृतीत नवविवाहिता, मुली, आजारी आणि गरोदर स्त्रिया यांना अतिथींच्याही आधी वाढावे असे सांगितले आहे, आणि अतिथी व नोकरचाकर जेवल्यावर उरलेले गृहस्थ आणि त्याची पत्नी या दोघांनी खावे. स्त्रियांच्या बाजूचा म्हणून हा ग्रंथ कोणी दाखवणार नाही. पण इथे त्याचा नियम रूढीपेक्षा उदार आहे. रूढीने नियमातला नवरा उठवून पहिल्या पंगतीला बसवला आणि बायकोला एकटीला शेवटी ठेवले. तिच्या वाट्याला गार भात आणि भांड्याच्या तळची आमटी येते. शिळे अन्न गीतेने तामस ठरवले असले तरी कालच्या पोळ्यांचा कुस्करा खाण्याचे काम ठरलेल्या माणसाकडेच असते.

बदलाच्या वाटेतला एक अडथळा खुद्द रांधणारीचा असतो, तोही सांगायला हवा. ज्या घरात बाईला दुसऱ्या कशावर अधिकार नव्हता तिथे कोठीच्या किल्ल्या आणि डब्यातले तिखट-मीठ हेच तिचे राज्य होते. सासूने ते सुनेला सहज दिले नाही. मुलाने कांदा चिरायला घेतला की ‘तुला नाही जमायचं, सोड’ म्हणणारी आई आजही घरोघर आहे. जाड चिरलेला कांदा तिला सहन होत नाही. यात कौशल्याचा अभिमान आहे आणि एकुलती एक सत्ता सुटण्याची धास्तीही आहे. सत्रात बसायचे तर दुसऱ्याच्या हातची वेडीवाकडी पोळी सोसावी लागते, आणि ती सोसणे बहुधा जेवणाऱ्यांपेक्षा तिलाच जड जाते.

शेवटी उरतो एकटीच्या जेवणाचा प्रश्न. घरची माणसे गावाला गेली की बाई बहुधा चूल पेटवत नाही. एकटीसाठी कशाला घाट, म्हणून दही-भात किंवा चहा-पोळीवर दिवस काढते. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रांधलेल्या विधवांमध्ये हे वारंवार दिसते. स्वतःसाठी शिजवणे पाप, हे वाक्य तिच्या हाडात मुरले आहे असे म्हणावे लागते. पण छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात प्राणाग्निहोत्राची जी विद्या आहे ती याच्या आड येते. तिथे जेवणाचा पहिला घास प्राणाला, पुढचे व्यान, अपान, समान आणि उदान यांना, अशा आहुती सांगितल्या आहेत, आणि जो हे जाणून जेवतो त्याच्या जेवणाने सर्व लोकांत, सर्व भूतांत हवन होते असे म्हटले आहे. त्या अग्निहोत्राभोवती सगळी भूते, भुकेली मुले आईभोवती जमावीत तशी जमतात, असा दृष्टान्तही उपनिषदाने दिला आहे. पंक्तीला किती माणसे आहेत यावर ते हवन अवलंबून नाही, आणि ज्या पोटात अन्न जाते ते कोणाचे आहे याचीही तिथे अट नाही. गीतेने दोष दिला तो दुसऱ्याला वगळून स्वतःपुरते शिजवण्याला. घरी दुसरे कोणी नसताना स्वतःच्या पोटातल्या वैश्वानरासाठी ताजा भात लावणे त्या दोषात बसत नाही.